मदत हवी आहे: कॅनडातल्या ताईचं करिअर पुन्हा सुरू व्हावं म्हणून

नमस्कार मंडळी, मी नागपुरात धरमपेठेत राहते. ताई सिव्हिल इंजिनिअर. इथे 9 वर्षं पुलांची डिझाइन्स केली, आता टोरांटोजवळ गोदामात खोकी भरते. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑंटारिओत 2023 पासून इंजिनिअरच्या परवान्यासाठी कॅनडातल्याच अनुभवाची अट राहिली नाही, तरी काल व्हिडिओ कॉलवर डिग्रीची फाइल दाखवून म्हणाली, "आता कशाला उघडू?" फार जीव तुटला.

आशेवर आधारित करिअर समुपदेशनाबद्दल वाचलं. मानसशास्त्रज्ञ स्नायडर यांच्या मते आशा म्हणजे ध्येय, तिथवरच्या वाटा आणि चालत राहायची उमेद. ताईला वाट ठाऊक आहे, उमेदच खचलीय. असं समुपदेशन कुणी घेतलंय का? किती बैठका लागल्या? मराठीतून ऑनलाइन करणारं नागपुरात कुणी आहे का? सकाळी साडेसहाला जमलं तर बरं, तेव्हा तिची शिफ्ट संपलेली असते.