सांभाळणाऱ्याची सुट्टी: बदली माणसाच्या हाती सोपवताना

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्याने अधूनमधून सुट्टी घ्यावी, असं सगळेच म्हणतात. ती प्रत्यक्षात कशी काढायची, तेवढंच इथे लिहिलं आहे.

घरोघरी जाणारी परिचारिका सांगते
बदली मावशी (तुमच्या जागी रुग्णाला सांभाळायला येणारी बाई) आली त्याच दिवशी बाहेर पडू नका. पहिल्या दिवशी तिने बघायचं, दुसऱ्या दिवशी तिने करायचं आणि तुम्ही बघायचं. नाकातून नळी असेल तर हे दोन दिवस हवेतच. नाकपुडीपाशी नळीवरची खूण सरकलेली दिसली तर काहीही घालायचं नाही, आधी परिचारिकेला किंवा डॉक्टरांना फोन. खूण जागेवर असेल तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर घ्यायची, ३० मिली पाणी, मग पातळ आहार, पुन्हा ३० मिली पाणी. सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा, आहार आपल्या वजनाने उतरू द्यायचा. घाईने दाबला की उलटी होते, ती श्वासनलिकेत गेली की न्यूमोनिया. नंतर तासभर आडवं करायचं नाही. नवी माणसं चुकतात ती इथेच: आहार संपला की लगेच डायपर बदलायला सपाट झोपवतात.

हवेच्या गादीबद्दल
अंथरुणाच्या जखमा टाळायला हवेची गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही, असं होत नाही. दर दोन तासांनी डावी, उताणी, उजवी. वेळ घालून तक्ता भिंतीवर लावा. माकडहाडाच्या जागी गादीखाली तळहात सरकवा. वर इंचभर तरी हवा लागली पाहिजे, हाताला अंग टेकलं तर हवा कमी आहे. वीज गेली की पंप बंद पडतो, हे मावशींना सांगून ठेवा. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहू दे. लाल झालेली जागा चोळायची नाही.

मावशी पुरवणाऱ्या ब्युरोशी बोलताना
मावशींच्या सुट्टीला बदली कोण आणि किती तासांत देणार, हे लिहून घ्या. लघवीची पिशवी, डायपर, स्पंजिंग ही कामं आधीच सांगा. ‘बाकी थोडंफार बघा’ म्हटलं की भांडी कुणाची यावरून तिसऱ्या दिवशी वाद होतो, आणि मावशी जाते. तुमच्या सुट्टीचा वार ठरलेला ठेवा. ‘लागेल तेव्हा’ म्हटलं की ती कधीच मिळत नाही.

स्मृतिभ्रंश असेल तर
निवासी केंद्रात आठवडाभर ठेवण्याआधी एक दुपार ठेवून बघा. रात्री किती जणांमागे एक माणूस असतो, हे विचाराच. औषधं मूळ पाकिटातच द्या, सोबत रोजची गोधडी. केंद्राला द्यायच्या चिठ्ठीत ‘दूध पीत नाहीत’ असं लिहू नका. ‘फुलपात्रातून, कोमट, समोर बसून दिलं तर पितात’ असं लिहा. संध्याकाळी ‘घरी जायचंय’ सुरू झालं की काय बोलायचं, तेही.

फोन नंबर
ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. सांभाळणाऱ्याचंच मन थकलं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी, १४४१६, चोवीस तास. मराठीत बोलता येतं.