अमेरिकेतले बंद अ‍ॅल्युमिनियम स्मेल्टर (धातू गाळणारे कारखाने) स्वच्छ विजेवर पुन्हा पेटतील का? घोडं अडतंय कुठे?

धातुवेडा
जून २०२५ पासून अमेरिकेने आयात अ‍ॅल्युमिनियमवर ५० टक्के शुल्क लावलं. १९८० मध्ये हा देश वर्षाला ४६ लाख टन प्राथमिक (भंगारातून नव्हे, खनिजातून) धातू काढायचा, आता सात लाखांच्या आसपास. वॉशिंग्टन राज्यातल्या फर्नडेलचा इंटाल्को स्मेल्टर तर जलविजेच्या मुलखातला. २०२० मध्ये तो थांबला, सातशेच्या आसपास माणसं घरी बसली. नंतर गुंतवणूकदार पुढे आला, तरी २०२३ मध्ये कायमचं टाळं लागलं. धातूला भाव आहे, कामगार आहेत, नदी आहे, मग परवडत का नाही? आणि थंड पडलेली पॉटलाइन (धातू काढणाऱ्या 'पॉट' भांड्यांची रांग) सुरू करायची म्हणजे नेमकं काय करावं लागतं? सौर-पवनवर चालवता येईल का, हेही जाणकारांनी सांगावं.

मेगावॉट
आधी गणित. एका किलोला लागणारी डीसी वीज = २.९८ × पॉटचं व्होल्टेज ÷ करंट एफिशियन्सी (करंटपैकी धातू काढण्यात खरोखर लागलेला वाटा). ४.२ व्होल्ट आणि ९४ टक्के धरा, उत्तर १३.३ युनिट. त्यात एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधली घट, धूर ओढणारे पंखे, कॉम्प्रेसर मिळवले की साडेचौदा, जुन्या लाइनला पंधरा. म्हणजे वीज युनिटमागे एक सेंटने महागली की टनाचा खर्च १४५ डॉलरने चढतो. चार सेंटला ५८० डॉलर, सात सेंटला १,०१५.

इंटाल्कोची क्षमता २ लाख ७९ हजार टन. पंधरा युनिटने हिशेब केला तर रात्रंदिवस ४७५ मेगावॉटच्या वर वीज हवी. तिथली स्वस्त जलवीज केंद्र सरकारच्या बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडे, आणि तिच्यावर पहिला हक्क सार्वजनिक वीजसंस्थांचा. करार जुळला नाही, विषय संपला. २०००-०१ च्या वीजटंचाईत तर त्या भागातल्या स्मेल्टरना धातू काढण्यापेक्षा हातातली वीज परत विकणंच फायद्याचं पडलं होतं. तेव्हा बंद झालेल्यांपैकी बरेच उठलेच नाहीत. आता त्या भागात एकही चालू नाही.

शुल्काचं म्हणाल तर २०१८ मध्ये १० टक्के, मार्च २०२५ मध्ये २५, जूनमध्ये ५०. जे एका सहीने चढतं ते एका सहीने उतरतंही. कर्ज देणारा दहा-वीस वर्षांचा वीजकरार मागतो, आणि तेवढेच मेगावॉट डेटा सेंटर जास्त भावाने उचलायला उभं आहे. ओक्लाहोमात इनोलाला एमिरेट्स ग्लोबल अ‍ॅल्युमिनियमने २०२५ मध्ये सहा लाख टनांचा नवा स्मेल्टर जाहीर केला. त्याला हजारएक मेगावॉट लागतील, एका मोठ्या अणुभट्टीएवढे. उलट न्यूयॉर्क राज्यातलं मॅसेना सेंट लॉरेन्सच्या जलविजेवर अजून तग धरून आहे, कारण राज्याच्या पॉवर अथॉरिटीशी लांब मुदतीचा करार आहे.

पॉटरूम
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. लाइन कशी बंद केली होती, यावर सगळं अवलंबून. ठरवून बंद केली तर धातू आणि बाथ (अल्युमिना, म्हणजे बॉक्साइटमधून काढलेली पांढरी भुकटी, ज्यात विरघळते ते वितळलेले क्षार) उपसून घेतात. वीज अचानक गेली तर सगळं पॉटमध्येच गोठतं आणि ब्रेकर लावून फोडावं लागतं. मिसुरीतल्या न्यू माद्रिदला जानेवारी २०१६ मध्ये वीजपुरवठ्यात बिघाड होऊन तीनपैकी दोन लाइन एकदम गेल्या होत्या.

थंड झालेल्या कॅथोडचा (पॉटच्या कार्बनी तळाचा) भरवसा धरू नका. कार्बन ब्लॉकमध्ये सोडियम मुरलेलं असतं, थंड होताना तडे जातात. त्यातून दमट हवा शिरली की आतले कार्बाइड-नायट्राइड फुगतात. तशीच सुरू केली तर धातू तड्यातून खाली उतरून कलेक्टर बारचं (तळातून करंट बाहेर नेणाऱ्या पट्ट्यांचं) लोखंड खातो. म्हणून रोज धातूचा नमुना घेऊन त्यातलं लोखंड बघायचं. ते सारखं चढत असेल तर पॉट वेळीच लाइनमधून बाजूला काढायचा, तळ फुटायची वाट बघायची नाही. अस्तराचं आयुष्य पाच-सात वर्षं. ज्या पॉटचं बरंचसं संपलंय, तिथे नवं अस्तर हाच मार्ग. जुनं अस्तर सायनाइड आणि फ्लोराइडवालं असतं. अमेरिकेत ते 'के०८८' या धोकादायक कचऱ्याच्या यादीत येतं, त्याची विल्हेवाट वेगळी आणि महागडी.

कृती थोडक्यात अशी: कॅथोडवर सुमारे दोन सेंटीमीटर कोकचा थर, त्यावर वरून करंट देणारे कार्बनचे ठोकळे, म्हणजे अ‍ॅनोड टेकवायचे, शंट (थोडा करंट बाजूने वळवणारी पट्टी) लावून करंट टप्प्याटप्प्याने चढवायचा. ४८ ते ७२ तासांत पृष्ठभाग ९०० अंशांच्या वर न्यायचा. इथेच जास्त घोळ होतो. कोक असमान पसरला की एकच अ‍ॅनोड दुप्पट करंट ओढतो, त्याखालचा ब्लॉक लाल होऊन फाटतो. म्हणून दर तासाला प्रत्येक अ‍ॅनोडच्या रॉडचा मिलिव्होल्ट ड्रॉप मोजायचा. मग वितळलेला बाथ ओततात, अ‍ॅनोड उचलतात, सोडा अ‍ॅश टाकतात, कारण नवा कॅथोड सोडियम पिऊन घेतो. धातू साधारण दिवसभरानंतर. घाई करून आधी ओतला तर बाथने बुजायच्या तड्यांत तोच शिरतो.

वितळलेला बाथ शेजारच्या चालू पॉटमधून घेतात. अख्खी लाइन थंड असेल तर आधी काही पॉट नुसते बाथ वितळवायलाच घालवावे लागतात. म्हणून अर्धवट चालू कारखाना वाढवणं सगळ्यात स्वस्त. दक्षिण कॅरोलिनातल्या माउंट हॉलीला सेंच्युरी कंपनीने २०२५ मध्ये ५ कोटी डॉलरमध्ये ५० हजार टन वाढवायचं जाहीर केलं, म्हणजे वार्षिक टनामागे हजार डॉलर. इनोलाचा जाहीर खर्च ४०० कोटी, टनामागे साडेसहा हजारांच्या वर.

ग्रिडवाला
सौर-पवनबद्दल. बाथ ९६० अंशांच्या आसपास असतो आणि गोठणबिंदूच्या वर जेमतेम ५ ते १० अंश. करंट पूर्ण गेला तर तीन-चार तासांत खेळ खलास. पॉट सूर्याची वाट बघत नाही. तासाभरासाठी भार थोडा उतरवता येतो, पण कडेचं गोठलेलं कवच जाड-पातळ होत राहतं. करंट वाढवल्यावर ते वितळून बाजूचं अस्तर उघडं पडतं. जर्मनीत एसेनला ट्रिमेट कंपनीने १२० पॉटच्या लाइनला बाहेरून उष्णता-विनिमयक बसवून भार सुमारे २५ टक्के वर-खाली करायची सोय केली. शून्यावर न्यायची नव्हे. तेव्हा पवन-सौर घ्या जरूर, पण पायाला जल किंवा अणू हवाच.

आणि 'स्वच्छ' म्हणताना जपून. कोळशाच्या विजेवर टनामागे बारा-चौदा टन कार्बन डायऑक्साइड फक्त विजेचा. जलवीज घेतली की तो जवळजवळ जातो, पण अ‍ॅनोड जळून होणारा दीड टन तसाच राहतो. त्यात अल्युमिना दोन टक्क्यांच्या खाली घसरून अ‍ॅनोड इफेक्ट झाला (त्याच्या तळाशी वायूचा थर साचून व्होल्टेज उसळलं), तर सीएफ४ हा वायू सुटतो, कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तापवणारा. पॉइंट फीडर (अल्युमिना थोडाथोडा टाकणारं यंत्र) नीट ठेवणं ही सगळ्यात स्वस्त हवामान-उपाययोजना! निष्क्रिय (कार्बनऐवजी न जळणाऱ्या पदार्थाच्या) अ‍ॅनोडवर अल्कोआ आणि रिओ टिंटो यांची एलिसिस कंपनी क्युबेकमध्ये २०१८ पासून काम करतेय. पण त्यात कार्बनची मदत नसल्याने सैद्धांतिक व्होल्टेज १.२ वरून २.२ वर जातं. वीजबिल वाचेल या भ्रमात राहू नका.

भंगारशेठ
सगळे विजेवर बोलताय, अल्युमिनाचं काय? टनाला १.९३ टन लागतो. अमेरिकेत लुइझियानातली ग्रामर्सी ही एकच रिफायनरी उरलीय, तीही जमैकाच्या बॉक्साइटवर. रोजगारच हवा असेल तर भंगार वितळवायला पाच टक्के वीज पुरते. अर्थात विमानाच्या आणि उच्च शुद्धतेच्या धातूला भंगार सहसा चालत नाही, आणि केंटकीचं हॉज्व्हिल २०२२ मध्ये विजेच्या दरापायी थांबलं तिथे नेमका तोच धातू निघायचा. आपल्याकडे बेळगावलाही स्मेल्टर विजेपायीच बंद पडला, अल्युमिना मात्र अजून निघतो.

धातुवेडा
आभार मंडळी. शेवटचं एक: बंद कारखाना बघायला गेलं तर आधी काय तपासावं?

पॉटरूम
पॉट नंतर बघा. आधी ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर. ऑर्डर दिल्यावर यायला वर्षं लागतात, म्हणून तेलाची तपासणी पहिल्याच दिवशी. मग बसबार (करंट वाहणाऱ्या जाड धातूच्या पट्ट्या) जागेवर आहेत का ते बघा, कारण बंद कारखान्यातून भंगारात आधी तेच जातात. मग क्रेन, आणि अ‍ॅनोड भाजायची भट्टी. भट्टीच्या विटा थंड होताना सरकलेल्या असतील तर अ‍ॅनोड बाहेरून विकत घ्यावे लागतील, टनाला निव्वळ चारशे किलोच्या वर.