गावात माणसं कमी, घरं मात्र नवी. पैसा येतो कुठून?

रातांबा: आमचं गाव राजापूर तालुक्यात, चार वाड्यांचं. ग्रामपंचायतीच्या आराखड्यासाठी घरटी उत्पन्नाची माहिती गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विचारलं की सगळे 'शेती' म्हणतात. कसली शेती? मळे पडीक, उरलंसुरलं वानर आणि डुकरं खातात. गणपती झाले की निम्म्या घरांना कुलूप. आणि तरी कौलं उतरून स्लॅब पडतायत! जुन्या मंडळींनी सांगा, गाव पूर्वी कशावर चालायचं आणि आता कशावर चालतं?

पोस्टाची पिशवी: मी टपाल खात्यात होतो, शाखा डाकघर सांभाळलं, म्हणून सांगतो. पूर्वी गाव मनीऑर्डरवर चालायचं. भात-नाचणी पोटापुरती, मीठ-मिरची, कापड, लग्नकार्य सगळं गिरणीच्या पगारातून. फॉर्मच्या तळाशी निरोपाला चार ओळींची जागा असे. बायका अंगठा उठवायच्या आणि मला म्हणायच्या, 'भाऊ, वाचा.' 'गाय विकू नये. बाबूला शाळेत घालणे.' एवढंच. पैसे मोजायच्या आधी निरोप ऐकायच्या.

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि माझी पिशवी हलकी झाली. पण गाव तेव्हा रिकामं झालं नाही, हे लोक विसरतात. उलट बरेच पुरुष ट्रंक घेऊन परत आले. पुरुष काय, संपाआधी मुंबईतच असायचे. लालबाग-परळला गावकीच्या, म्हणजे गावाने मिळून घेतलेल्या खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. तिथे बायको कुठे ठेवणार? पुढे पोरांनी नालासोपारा, विरार, दिव्याला खोल्या घेतल्या आणि बायका-पोरंही गेली. गाव रिकामं झालं ते तेव्हा. जनगणनेत बघा: रत्नागिरी जिल्ह्यात १९९१ ला हजार पुरुषांमागे १२०५ बायका होत्या, २०११ ला ११२२. लोकसंख्या २००१ ला १६,९६,७७७ होती, दहा वर्षांत १६,१५,०६९ वर आली. राज्याची वाढत असताना! घरात पैसे घ्यायलाच कोणी नाही म्हटल्यावर मनीऑर्डर कोणाला करणार?

कलमवाला: काकांचं खरं, पण शेती अगदीच गेली असं नाही, ती मळ्यातून डोंगरावर गेली. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागेला शंभर टक्के अनुदान मिळालं, तेव्हा वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत आंबा-काजू लागला. माझीही कलमं त्यातलीच. आता बऱ्याच बागा करारावर जातात. मालक मुंबईत, करारवाला मोहोर लवकर यावा म्हणून कल्टार हे औषध घालून, फवारण्या करून पेट्या वाशीला पाठवतो. आणि राबतो कोण? नेपाळी. मोहोरापासून पावसापर्यंत राखण, फवारणी, काढणी सगळं तेच. गावातला पोरगा झाडावर चढायला तयार नाही, त्याला रिक्षा हवी. आमच्या शाळेत या वर्षी नेपाळ्यांची पोरं नसती तर पटसंख्येवरून शाळेवर टाच आली असती. ती पोरं आमच्यापेक्षा चांगलं मालवणी बोलतात, शिव्यांसकट.

विरार लोकल: स्लॅबचं मी सांगतो, गेल्या वर्षी आम्हीच घातला. बाबांचा फंड आणि आम्हा तिघा भावांची वर्गणी. राहायला वर्षाकाठी पंधरा दिवस, तेही गणपती-शिमग्याला. सातबारा अजून सामाईक, त्यामुळे जमिनीचं काही करता येत नाही. घर मात्र बांधता येतं. आईचं रोजचं भागतं श्रावणबाळ पेन्शनचे १५००, रेशन आणि आम्ही फोनवरून टाकतो त्यावर. वाडीतल्या बाकी म्हाताऱ्यांचंही तेच. तिचं उत्पन्न 'शेती' असंच लिहा हो, नाहीतर ती रागावेल.

पोस्टाची पिशवी: रागावू दे, एक रकाना वाढव. 'बाहेरून येणारे पैसे' असा. आणि माणसं कोणत्या महिन्यात मोजलीस तेही लिही. जनगणनेची मोजणी फेब्रुवारीत होते. तेव्हा चाकरमानी मुंबईत आणि नेपाळी बागेत. तुझ्या आराखड्यातलं पाणी मे महिन्याच्या हिशेबाने धर. सुट्टीत मुंबईकर येतात आणि विहीर तेव्हाच तळाला जाते.

रातांबा: रकाना वाढवला, काका. पण नेपाळी कुटुंबं बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात राहतात आणि मांगराला घर नंबरच नाही. ग्रामसेवक म्हणतात, नंबर नाही तर कुटुंब नाही. मालकाच्या नंबरावर धरू?

कलमवाला: माझ्या नंबरावर घाल. पाचजण आहेत, पाचवं गेल्याच आठवड्यात राजापूरच्या दवाखान्यात झालं.