नवी क्लासिक 350, मागे आई आणि कुंभार्ली घाट: आधी काय बसवू?

मंडळी, नमस्कार.

दसऱ्याला रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 घेतली. तीन वर्षं पैसे साठवत होतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, आणि या गाडीचं इंजिन 349 सीसीचं, त्यामुळे आमचं जमलं. त्यात जे वाचले त्यातले 15,000 रुपये ॲक्सेसरीजसाठी बाजूला ठेवलेत. त्याच्या वर एक रुपया जाणार नाही, म्हणून नीट विचारून खर्च करायचाय.

आधी माझा वापर सांगतो. नोकरी चिपळूणजवळ खडपोली एमआयडीसीत, घर पाटणला. शनिवारी दुपारी निघायचं, सोमवारी पहाटे परत. अलोरे, शिरगाव, पोफळी, मग कुंभार्ली घाट, घाटमाथा, हेळवाक आणि पुढे पाटण. एका बाजूने साठच्या आसपास किलोमीटर. शिवाय महिन्यातून एकदा आईला चिपळूणला आणायचं आणि आठ-दहा दिवसांनी परत सोडायचं. आईचं वय 61, दोन्ही गुडघे दुखतात. एसटी आहे, पण एसटीच्या पायऱ्या उंच, आणि स्टँडपासून खोलीपर्यंत तिला चालवत नाही. गाडी घेण्याचं निम्मं कारण आईच आहे.

आई साडी नेसते आणि एका बाजूला पाय सोडून बसते.

आता अडचण. बॅगेसाठी मी दोन्ही बाजूंना सॅडल बॅगा लावायच्या ठरवल्या होत्या. दुकानदार म्हणाला, डावीकडचा स्टे (बॅग टेकवायची लोखंडी चौकट) बसवायचा तर साडी गार्ड काढावा लागेल, सगळेच काढतात. मी नको म्हटलं. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण, मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट हे केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणे असायलाच हवं. आणि नियम नसता तरी निऱ्या आणि पदर चाकाच्या शेजारी लोंबत असताना ती जाळी कुणी का काढावी? लग्नसराईत पदर चाकात जाऊन झालेले अपघात आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहेत.

मग उरते फक्त उजवी बाजू. तिथे सायलेन्सर. बॅग टेकली तर वितळणार, आणि एकाच बाजूला सात-आठ किलो टांगून घाटातली वळणं घ्यायला मला बरं वाटत नाही. टाकी लोखंडी आहे, म्हणून चुंबकाची टँक बॅग चालेल असं वाटतं. तेरा लिटरच्या टाकीवर ती वळताना हँडलला अडते का, आणि रंगावर ओरखडे येतात का, एवढं वापरणाऱ्यांनी सांगा.

दुसरा मुद्दा फूटरेस्टचा. परवा अंगणात गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि आईला बसवून पाहिलं. उजवा हात माझ्या खांद्यावर, डावा मागे हँडलवर, इथपर्यंत ठीक. पण डाव्या बाजूला बायकांना पाय ठेवायला जी पट्टी येते तिच्यावर तिचे तळवे पुरते टेकत नाहीत. चवडे लागतात, टाचा चार बोटं अधांतरी. पाच मिनिटांत म्हणाली, "अरे, पोटऱ्या भरून आल्या." साठ किलोमीटर ती अशी कशी बसणार? बाजारात रुंद आणि खाली सोडलेली पट्टी मिळते, पण त्यातल्या काही पातळ पत्र्याच्या आहेत, हाताने दाबल्या तरी लवतात. चांगली कुठली, कोणी बसवली असेल तर जमिनीपासूनची उंची टेपने मोजून सांगाल का?

हेल्मेटचंही असंच. गाडीबरोबर मिळालेलं हेल्मेट आयएसआयचं आहे, आयएस 4151 लिहिलेलं आहे. 1 जून 2021 पासून त्याशिवायचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. पण आई अंबाडा घालते. फुल फेस हेल्मेट अंबाड्यावर अडून बसतं, कपाळ उघडं राहतं आणि मागची कड मानेवर रुतते. अंबाडा सोडून खाली सैल वेणी घातली तर बसतं. तिच्यासाठी हलकं, पुढून उघडं, पण कान आणि मागचं डोकं पूर्ण झाकणारं घ्यावं असं मनात आहे. टोपीसारखं अर्धं हेल्मेट घेणार नाही. ज्यांच्या आई किंवा सासूबाई रोज मागे बसतात त्यांनी काय घेतलं?

आता उजेडाबद्दल. माझ्या गाडीला एलईडी हेडलाइट आहे आणि मोकळ्या रस्त्याला तो पुरतो. कुंभार्लीत नाही पुरत. कोयनेच्या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावर ढग रस्त्यावरच उतरलेला असतो. अप्पर टाकला की समोर पांढरी भिंत. बरेच जण पिवळे दिवे घ्या म्हणतात. मी जे समजून घेतलं त्याप्रमाणे रंगाने फार फरक पडत नाही. धुक्यातले थेंब उजेड परत डोळ्यांवर फेकतात, म्हणून दिवा डोळ्यांपासून जितका खाली आणि त्याचा झोत जितका आडवा पसरलेला व वरून कापलेला, तितकं बरं. म्हणजे लेग गार्डच्या खालच्या नळीवर, रस्त्याची डावी कड दिसेल असे दोन छोटे दिवे. लांब फेकणारे प्रखर दिवे मला नकोत, समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याचे डोळे दिपवून घाटात कुणाचंच भलं होत नाही.

वायरिंगबद्दल मात्र मी फार काळजीत आहे, आणि त्याला कारण आहे. आधीच्या 125 सीसी गाडीला मी एका दुकानातून मोठा हॉर्न आणि दोन दिवे बसवून घेतले होते. जुलैमध्ये रात्री साडेनऊला पोफळी सोडून दोन वळणं वर आलो आणि हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर सगळं एकदम गेलं. पाऊस मुसळधार. मोबाइलच्या उजेडात सीट काढली. दुकानदाराने कंपनीची वायर मधेच सोलून तिच्यावर नवी वायर पिळली होती आणि वर काळी टेप. टेप ओली होऊन सुटलेली, तांबं हिरवं पडलेलं, फ्यूज जळालेला. वेगळा फ्यूज नाही, रिले नाही (म्हणजे छोट्या स्विचचा करंट घेऊन दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी). मागून एक दुधाची गाडी आली, तिच्या उजेडात मी चालत्या वेगाने घाटमाथ्यापर्यंत गेलो. त्या रात्री आई मागे असती तर काय, हा विचार अजून जात नाही.

म्हणून या गाडीची एकही वायर कापू द्यायची नाही असं ठरवलंय. बॅटरीवरून थेट, वेगळ्या फ्यूजसह, रिले लावून, आणि स्विच चालू होण्यासाठीची तार कपलरने, म्हणजे वायर न कापता खोचायच्या जोडाने, जोडून. जोड उष्णतेने आवळणाऱ्या नळीत. असं काम मनापासून करणारा कराड, चिपळूण किंवा सातारा भागातला कारागीर कसा ओळखायचा? मी एक कसोटी लावतो: रिले कुठे बसवणार असं विचारायचं. "रिलेची गरज नाही" असं उत्तर आलं की तिथून निघायचं. आणखी काय विचारावं?

लेग गार्डमध्ये कंपनीचे एअरफ्लाय आणि ऑक्टागन पाहिले. गाडी 195 किलोची आहे, उभी असताना आडवी झाली तरी गार्ड नसेल तर टाकी आणि पाय दोन्ही जाणार. दिवेही त्यावरच बसणार, त्यामुळे गार्ड घ्यायचाच आहे. फार रुंद नको, चिपळूणच्या बाजारपेठेत अडतो. कुठला घेऊ?

टायर. माझं तारेच्या चाकांचं मॉडेल आहे, म्हणजे ट्यूब. ॲलॉय चाकं बजेटच्या बाहेर. पुढचं चाक 19 इंची आणि मागचं 18, म्हणजे एक ट्यूब दोन्हीकडे नीट चालणार नाही. मागची ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप जवळ ठेवायचा विचार आहे. सोमवारी पहाटे घाटात पंक्चरवाला कुठून मिळणार?

मोबाइल होल्डर घेत नाही. रस्ता पाठ आहे. शिवाय मोठ्या मोटारसायकलच्या कंपनामुळे फोनच्या कॅमेऱ्याचं बिघडू शकतं असं ॲपलने 2021 मध्येच सांगितलेलं आहे. चार्जर गाडीलाच आहे. सायलेन्सर बदलणार नाही, कृपया सुचवू नका. गावात आजारी माणसं असतात, लहान मुलं असतात.

विम्याचं एक विचारायचंय. दिव्यांसारख्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी त्यांच्या किमतीच्या 4 टक्के जादा हप्ता भरून त्या पॉलिसीत नोंदवता येतात. वर्षाच्या मधे बसवल्या तर तेव्हाच कळवायचं की नूतनीकरणाला?

संपादन 1

एवढ्या जणांनी इतकं मनापासून लिहिलं, सगळ्यांचे आभार. काही गोष्टी मार्गी लागल्या.

एका ताईंनी लिहिलं की पावसात साडीवर रेनकोटची पँट चढत नाही, आणि पोंचो घातला तर तो वाऱ्याने उडून चाकाकडेच जातो. त्यामुळे जून ते सप्टेंबर आईंना गाडीवर आणूच नका. हे मला आधी सुचायला हवं होतं. पटलं. पावसाळ्यात आई एसटीनेच येईल, स्टँडवर रिक्षा करू. म्हणजे धुक्याचे दिवे माझ्यासाठी, आणि आईच्या वस्तू ऑक्टोबर ते मे या महिन्यांसाठी. यामुळे क्रमच बदलला. दिव्यांना जूनपर्यंत वेळ आहे, आईची पट्टी आणि हेल्मेट आत्ता हवं.

पैसे न घालता होणारं एक काम सुचवलं तेही केलं. मागचे दोन्ही शॉकअप सहा टप्प्यांत कमी-जास्त करता येतात. आईला बसवून, पाना घालून, दोन्ही बाजू सारख्या दोन टप्पे वर घेतल्या. आधी खड्ड्यात बूड खाली आदळायचं, ते थांबलं. मागे माणूस असताना टायरमध्ये किती हवा ठेवायची तेही मॅन्युअलमध्ये पाहून घेतलं.

500 किलोमीटरची पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत काहीच बसवू नका, असं तिघांनी सांगितलं. गाडीत मुळातच काही दोष असेल तर बाहेरच्या कामाकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. तसंच करतो.

संपादन 2

सर्व्हिसिंग झाली. ऑक्टागन गार्ड बसवला. आईसाठी पुढून उघडं, हलकं, आयएसआयचं हेल्मेट आणलं. सैल वेणीवर नीट बसतं. पट्ट्याखाली हनुवटीला घासत होतं तिथे तिने स्वतःच मऊ कापड शिवून लावलं. 15,000 पैकी अजून नऊ हजार शिल्लक आहेत.

एक मात्र अडलंय. कुणीतरी सुचवलं की आईंनी पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसावं, म्हणजे तोल चांगला राहील आणि बॅकरेस्टचाही खरा उपयोग होईल. मी भीत भीत विचारलं. आई लगेच म्हणाली, "प्रवासापुरता घालीन की, त्यात काय?" शेजारच्या काकूंचा ड्रेस घालून बसूनही पाहिली. घराच्या ओट्याला गाडी लावली की ओट्यावरून अलगद बसता येतं. बसल्यावर दोन्ही तळवे टेकतात, पोटऱ्या भरत नाहीत, आणि पाटण ते कोयनानगर जाऊन आलो तर एकदाही थांब म्हणाली नाही. अडचण उतरण्याची आहे. चालकाचीच सीट 805 मिलिमीटर उंच, मागची त्याहून वर. सपाट रस्त्यावर गुडघा वाकवून पाय पलीकडून आणणं तिला जमत नाही. कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा दगडी कठडा शोधून गाडी त्याला लावावी लागली.

तर आता दोनच प्रश्न उरले आहेत. गुडघेदुखी असलेल्या माणसाला दोन्हीकडे पाय टाकून बसवत असाल तर रस्त्यात उतरवता कसं? घडीचं छोटं स्टूल कुणी बरोबर नेतं का, आणि ते 70 किलो वजन सोसेल असं कुठल्या आकाराचं? आणि बॅकरेस्ट लावलेल्यांनी सांगा, उतरताना पाय मागून फिरवायला त्याची अडचण होते का? होत असेल तर तो पैसा रुंद पट्टीवर घालतो आणि आई साडीतच, एका बाजूला बसेल. पुढच्या शनिवारी तिला आणायला जायचंय, त्याआधी कराडला जाऊन एक काय ते घेऊन येतो.