मदत हवी आहे: दरडोई 471 ग्रॅम दूध नेमकं कुणाच्या वाट्याला येतं?

नमस्कार मंडळी,

मी माळशिरस तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सांख्यिकीच्या पाठासाठी नववीच्या मुलांना ‘भारताचा दूधपुरवठा, 1950 पासून आजपर्यंत’ असा आलेख काढायला दिला होता. आमच्याकडे दर दुसऱ्या दारात गाय बांधलेली असते, म्हणून विषय मुद्दाम मुलांच्या घरचा निवडला.

पशुसंवर्धन खात्याच्या आकडेवारीत दूध ‘दरडोई उपलब्धता’ म्हणून दिलेलं असतं. 1950-51 मध्ये माणशी रोज 130 ग्रॅम. पुढची वीस वर्षं दूध वाढलं, पण माणसं त्याहून वेगाने वाढली आणि 1970 च्या सुमारास हा आकडा 110 च्या आसपास उतरला. 1970 मध्ये ऑपरेशन फ्लड, म्हणजे सहकारी संस्थांमार्फत दूध वाढवण्याची देशव्यापी योजना, सुरू झालं आणि रेघ वर वळली. 1990-91 मध्ये 176, 2010-11 मध्ये 281, आणि 2023-24 मध्ये 471. 1998 पासून आपण दूध उत्पादनात जगात पहिले आहोत. आलेख इतका सुरेख आला की मुलांनी तो वर्गाच्या भिंतीवर लावला.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, “बाई, आमच्या घरात सहा माणसं आहेत. मग आम्ही रोज पावणेतीन लिटर दूध पितो का?”

तिचं गणित अगदी बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी ती घरची वही घेऊन आली. दोन गाई आहेत. सकाळची धार 9 लिटर, संध्याकाळची 7. त्यातलं 15 लिटर डेअरीला घालतात, 1 लिटर घरी ठेवतात. त्या लिटरात दोन वेळचा चहा, आजोबांचा पेला आणि उरलेल्याचं विरजण. वहीच्या समासात फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) लिहिलेलं, आणि दर दहा दिवसांनी बिलाची रक्कम. पेंड, डॉक्टर आणि हिची वह्या-पुस्तकं, सगळं त्या बिलातून भागतं. म्हणजे सहा जणांत हजार मिली, माणशी 165 च्या आसपास. आणि हे गोठा असलेल्या घरात! ज्यांच्या दारात जनावरच नाही त्यांचं काय, हे मी वर्गात विचारलंच नाही.

घरी येऊन मी हिशोब मांडून पाहिला. 2023-24 चं देशाचं उत्पादन 23.93 कोटी टन. त्याला सुमारे 139 कोटी लोकसंख्येने आणि 366 दिवसांनी भागलं, तर 470 च्या आसपासच उत्तर येतं. म्हणजे ‘उपलब्धता’ हा साधा भागाकार आहे. त्यातून सांडलेलं, नासलेलं, जनावरांना पाजलेलं असं काहीच वजा झालेलं दिसत नाही. बरोबर ना?

दुसऱ्या बाजूने शोधलं तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा, म्हणजे घरोघरी जाऊन वापर आणि खर्च विचारणाऱ्या सरकारी पाहणीचा, 2011-12 चा आकडा सापडला. माणशी महिन्याला खेड्यात सुमारे 4.3 लिटर दूध आणि शहरात 5.4 लिटर. म्हणजे रोज 145 ते 180 मिली. त्याच वर्षीची सरकारी उपलब्धता मात्र 290 ग्रॅम. जवळजवळ दुप्पट! खेड्याचा आकडा त्या मुलीच्या वहीपासून फार लांब नाही, हे पाहून तर मला झोपच लागली नाही.

माझे प्रश्न असे. मधलं दूध जातं कुठे? माणसाच्या पोटात जाणाऱ्या दुधाचा कल दाखवायचा असेल तर आकड्यांची कोणती मालिका धरायची? आणि मुलांना समजेल असं हे मांडायचं कसं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारतक्त्यात दिवसाला 300 मिली दूध किंवा दही सांगितलंय. भिंतीवरचा आलेख म्हणतो की आपण त्याच्या कितीतरी पुढे आहोत. त्या मुलीचं घर मात्र निम्म्याच्या जरासं पुढे आहे. मुलांना चुकीचं समाधान देऊन पुढच्या पाठाकडे वळणं मला जमणार नाही.

प्रतिसाद १ – गोठ्यातला माणूस

बाई, मुलीचा प्रश्न लाखमोलाचा आहे. मी बावीस वर्षं गावच्या दूध संस्थेत सचिव होतो, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

दूध हरवत नाही, त्याचं नाव बदलतं. सर्वेक्षणवाला घरी येऊन ‘दूध किती घेता’ विचारतो तेव्हा पातेल्यातलं दूध मोजलं जातं. स्टँडवर प्यालेला चहा दुसऱ्या रकान्यात, सणाचे पेढे तिसऱ्या, तूप चौथ्या. आता तुपाचंच बघा. म्हशीच्या दुधाला साडेसहा फॅट धरली तर किलोभर तुपाला पंधराएक लिटर दूध लागतं, गाईचं पंचवीसच्या पुढे. घरात महिन्याला अर्धा किलो तूप आलं तर सात-आठ लिटर दुधाची साय त्यात गेली, पण कागदावर लिहिलं जातं अर्धा किलो तूप. तूप निघाल्यावर राहिलेल्या दुधाची पावडर होते, ती बिस्किटात आणि आइस्क्रीममध्ये जाते.

वासराचंही ध्यानात घ्या. आमच्याकडे एक सड वासराला सोडायची रीत होती. वासरू तोंडाने पितं ते कुठल्याच मापात येत नाही. धार काढून पाजलेलं मात्र मापात येऊन बसतं.

गावातलं दूध टँकरने शहरात जातं हे खरंच आहे, पण बिल थांबलं की गोठाही थांबतो. त्या घराला कुणी बोल लावू नये एवढीच विनंती.

प्रतिसाद २ – कोष्टक

मालिकेबद्दल सांगते. तुम्हाला हवा तो हिशोब जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अन्न ताळेबंदात मिळेल. तिथे उत्पादनात आयात मिळवतात, निर्यात वजा करतात, साठ्यातला फरक धरतात, जनावरांना पाजलेलं आणि वाया गेलेलं काढतात, आणि मग माणशी किती उरतं ते देतात. एकच सावधगिरी ठेवा, तिथे ‘लोणी वगळून दूध’ आणि ‘लोणी व तूप’ असे वेगळे रकाने आहेत. दोन्ही एकत्र करू नका.

आणखी दोन गोष्टी तक्त्याखाली लिहून ठेवा. 2011 नंतर जनगणना झालेली नाही, त्यामुळे तेव्हापासूनची दरडोई संख्या अंदाजित लोकसंख्येवर उभी आहे. आणि तुम्ही दिलेल्या त्याच खर्च सर्वेक्षणाची पद्धत 2022-23 मध्ये बदलली, एकाच घरी तीन वेळा जाऊन वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरल्या. म्हणून 2011-12 आणि 2022-23 हे बिंदू सरळ रेघेने जोडू नयेत.

सरासरीच्या पोटात काय दडलंय तेही मुलांना दाखवा. पंजाब आणि हरियाणात माणशी उपलब्धता किलोच्या वर आहे, आसामात 100 ग्रॅमच्या आत. आपला महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्या बराच खाली आहे. गणिताच्या तासाला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं मिळणार?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दादा, त्या घराला बोल लावायचा विचार माझ्या मनातही नव्हता. तिची आई पहाटे साडेचारला धारेला बसते, हे मला ठाऊक आहे. तुपाचं उदाहरण उद्याच फळ्यावर मांडते.

भिंतीवरचा आलेख काढत नाही. त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने घरातल्या वापराचे बिंदू मांडायचे ठरवलंय, न जोडता. वर 300 मिलीची आडवी रेघ, आणि खाली ताई म्हणतात त्या दोन टिपा. त्या मुलीच्या घरचा बिंदूही ती स्वतः काढणार आहे, तसं तिनेच विचारलं.

आता फक्त एक अडचण उरली आहे. 1990 च्या आधीची महाराष्ट्राची दूध उत्पादनाची आकडेवारी कुणाकडे छापील अहवालात असेल तर त्या पानांचे फोटो इथे टाकाल का? बुधवारी तास आहे, त्याआधी मिळाले तर बरं होईल.