शब्दचर्चा: जाहीर नसलेल्या जाहिरातीला काय म्हणावं?

शब्दवेडी:
युरोपीय संघाच्या राजकीय जाहिरातींवरच्या कायद्याबद्दल टिपण लिहिते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडले. वय, गाव, आवडीनिवडी पाहून ठरावीक लोकांच्याच मोबाइलवर येणारी, शेजाऱ्याला न दिसणारी जाहिरात. हिला शब्द हवा. एकांनी 'सूक्ष्मलक्ष्यीकरण' सुचवलं. मला पॅथॉलॉजीची लॅब आठवली. 'छुपा प्रचार' चालेल का?

मुद्रितशोधक:
नको, ताई. तो शब्द आधीच एका जागी बसलाय. मतदान संपायच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो, तोफा थंडावतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, 'छुप्या प्रचाराला जोर'. म्हणजे तो बंदीच्या काळातला, घरोघरी जाऊन केलेला. तुमची जाहिरात भर प्रचारातही चालते. ज्याला दिसते त्याच्यापासून ती लपत नाही, बाकीच्यांपासून लपते.

आणि गंमत 'जाहिरात' शब्दातच आहे. मूळ अरबी, अर्थ उघड, दिसणारं. जाहीर सभा, जाहीरनामा, जाहिरात ही एका घरातली भावंडं. चारचौघांत लावली म्हणून ती जाहिरात. विरोधी उमेदवाराला दिसलीच नाही तर तो खोडून काढणार काय?

जुनी मोडी:
मग हिंदीतलं 'विज्ञापन' बरं! जुन्या पत्रांत 'विज्ञापना ऐसीजे' येतं: धन्याला उद्देशून केलेली विनंती, गावाला ऐकवायची नव्हे. मतदाराच्या कानाशी लागणं तेच. (विनोद समजा, कोशात घालू नका.)

शब्दवेडी:
हसले, पण कायद्यालाही नेमकं हेच खुपतंय. २०२४ सालचा ९०० क्रमांकाचा नियम, १० ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण लागू. जाहिरात राजकीय आहे, पैसे कोणी दिले, कोणत्या निवडणुकीसाठी, माणसं निवडून दाखवली का, हे सगळं सांगायचं. धर्म, आरोग्य, राजकीय मतं यांवरून लोकांची वर्गवारी करून दाखवायला बंदी. गुगल आणि मेटानं तर तिथे राजकीय जाहिराती घेणंच बंद केलं. आता पैसे देणाऱ्याला 'प्रायोजक' म्हणू का?

मुद्रितशोधक:
'प्रायोजक' म्हटलं की मालिकेआधीचा साबण डोळ्यांपुढे येतो. सरळ 'पैसे देणारा' लिहा. आपल्याकडे १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२७क आहे: निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती ओळ आम्ही सगळ्यांत बारीक टाइपात बसवतो, तो भाग सोडा. पण पत्रक कोणाचं, हे विचारायला पत्ता तरी असतो.

जुनी मोडी:
आणि जी जाहिरात म्हणून येतच नाही तिचं काय? रोमानियात ६ डिसेंबर २०२४ला घटनात्मक न्यायालयानं राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरी रद्द केली. टिकटॉक राजकीय जाहिराती घेत नाही, तरी तिथल्या इन्फ्लुएन्सरना पैसे देऊन प्रचार करवल्याचं उघड केलेल्या गुप्तचर कागदांत म्हटलं होतं. आपला याचा थोरला भाऊ म्हणजे २००९च्या विधानसभेला गाजलेली 'पेड न्यूज'. तिलाही आपण मराठी नाव दिलं नाही, लाज वाटली असावी.

शब्दवेडी:
ते वेगळ्या परिच्छेदात घेते, नाहीतर टिपणाचा ग्रंथ होईल. मूळ शब्दासाठी आत्ता एक सुचलं: 'हेरून दाखवलेली जाहिरात'. हेरणं म्हणजे गर्दीतून नेमका माणूस टिपणं, आणि त्यात हेरही आहे. पाळत ठेवल्याशिवाय अशी जाहिरात निघतच नाही.

मुद्रितशोधक:
छान आहे. कायद्याच्या भाषांतरात नको, कारण 'हेर' म्हटलं की आरोप झाला. टिपणात बेलाशक वापरा. फक्त पुढे आटोपशीर करायला 'हेरीव जाहिरात' करू नका, कोरीव लेण्यासारखं वाटतं.