लोहाचं सिरप चालू आहे, तरी लेकरू माती खाणं सोडत नाही

अंगणवाडीताई, चिमूर तालुका
लेकरू ३ वर्षांचं, वजन १२ किलो. दीड महिन्यापासून पोतारलेल्या भिंतीचे पोपडे आणि चुलीजवळची माती खाते. जंताची गोळी झाली. सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली चालू आहे. आजी म्हणते कॅल्शियम कमी आहे. आई चार महिन्यांची गरोदर, ती दिवसभर कच्चे तांदूळ चघळते. आधी काय पाहावं?

उपकेंद्रातली सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी)
ताई, दोन वर्षांच्या आतलं लेकरू हाताला येईल ते तोंडात घालतंच. त्यापुढे महिनाभर हे चाललं तर त्याला पायका म्हणतात, आणि तेव्हा आधी रक्त पाहायचं. तुमचं सिरप बरोबर आहे, पण ही मात्रा प्रतिबंधाची आहे. रक्त आधीच उतरलं असेल तर ती पुरत नाही. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर उपचाराची मात्रा लागते: रोज किलोमागे ३ मिलिग्रॅम लोह, म्हणजे १२ किलोला ३६. आपल्या सिरपच्या १ मिलीत २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे रोज साधारण पावणेदोन मिली, दोन महिने. ती डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच सुरू करा. ७ च्या खाली असेल तर गावात थांबू नका, सरळ रुग्णालय.

आणि आपल्या भागात त्याआधी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी हवीच. सोल्युबिलिटी, म्हणजे त्याची पहिली चाचणी, पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी करून एएस (नुसतं वाहक) की एसएस (आजार असलेलं) ते कळू द्या. एसएस लेकरंही माती खातात. तिथे फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, पाहिल्याशिवाय लोह वाढवायचं नाही, कारण वारंवार रक्त चढवलेल्या लेकरात साठा आधीच जास्त असू शकतो.

औषधनिर्माता, ग्रामीण रुग्णालय
आजीचं कॅल्शियम नेमकं उलटं पडतं. लोहासोबत दिलं की लोह अंगी लागत नाही. दूध-चहाचंही तेच. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. सिरप लिंबूपाण्यासोबत द्या, जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, नाहीतर दात काळे पडतात. शौच काळी होते, त्याला घाबरून बंद करू नका. बाटली मात्र उंच ठेवा. लेकरानं बाटलीभर प्यायलं तर जीव जाऊ शकतो.

पर्यवेक्षिका, बालविकास
घरी गेल्यावर खाटेमागची भिंत बघा. लेकराच्या हाताच्या उंचीवर पोपडा नखांनी खरवडलेला असतो, ओल आली की जास्त. तिथे शेणामातीनं पुन्हा सारवलं तर नवीन खाऊच मिळतो. पत्रा किंवा फळी ठोका. दाराच्या जुन्या ऑइलपेंटचे पापुद्रे खात असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, शिशाचा धोका असतो. पोट दुखणं, शौचाला घट्ट होणं ही त्याची लक्षणं. बोटांना मिरची लावणं, मारणं बंद करा. त्यानं लेकरू लपून खातं, एवढंच. जंताची गोळी झाली तरी अंगणातल्या मातीतून अंडी पुन्हा पोटात जातात. हात धुणं आणि संडासचा वापर घरच्यांना सांगा. लेकरू बोलत नसेल, नजर देत नसेल तर आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाला दाखवा.

अंगणवाडीताई, चिमूर तालुका
आणि आईचं? सासू म्हणते डोहाळे आहेत.

उपकेंद्रातली सीएचओ
डोहाळे म्हणून सोडू नका, तिचंही हिमोग्लोबिन करा. चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची एक लाल गोळी, १८० दिवस. ११ च्या खाली असेल तर रोज दोन. तिलाही जंताची ४०० मिलिग्रॅमची गोळी आता देता येते. तांदळाचा डबा तिच्या हाताशी ठेवू नका, पण तिला रागावूही नका. रक्त भरलं की ही ओढ बहुतेकींची आपसूक ओसरते.